इस्तिखारा केला, स्वप्न पडलं नाही. आता वावर विकायचं की नाही?

वालेकुम अस्सलाम भाऊ. तुमचा प्रश्न लांब आहे आणि रात्री दोन वाजता लिहिलेला दिसतो, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. काही चुकलं तर सांगा.

तुम्ही वाशीम जिल्ह्यातले, वय सत्तावीस. आजोबांपासूनचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे. त्यातलं दोन एकर विकून मालवाहू गाडी घ्यायची, कमी पडतील ते फायनान्सने उचलायचे, असं तुमचं आणि अब्बांचं ठरतंय. तुम्ही सात रात्री इस्तिखारा केला, म्हणजे दोन रकात नमाज पढून अल्लाहकडे भलं मागायची दुआ केली, आणि स्वप्न काही पडलं नाही. अम्मीला मात्र पाचव्या रात्री विहिरीत काळं पाणी दिसलं आणि तेव्हापासून घरात सगळे गप्प आहेत. खालाने कुण्या बाबांचा नंबर दिला, ते फोनवर अकराशे रुपयांत इस्तिखारा काढून देतात म्हणे. गिऱ्हाईक जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाजनंतर इसार घेऊन येणार. तुमचे प्रश्न चार: आणखी सात रात्री करू का, अम्मीचं स्वप्न धरायचं का, दुसऱ्याकडून इस्तिखारा करून घेतलेला चालतो का, आणि हो म्हणू की नाही.

माझ्याबद्दल एवढंच, की यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात पंचवीसेक वर्षं इमामत करतो. मोठा आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार, नाही, फतवा देणारा मुफ्ती तर नाहीच. घरचं साडेतीन एकर आहे, म्हणजे सोयाबीनचा भाव पडला की मशिदीत मिंबरवर उभं राहून सब्राचं, धीर धरायचं बयान करताना मलाही घाम फुटतो. इस्तिखाऱ्यासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक जण दोनच कामांनी येतात, रिश्ता आणि वावर. त्यांच्यासोबत बसून जे कळलं ते लिहितोय. मी सुन्नींतला हनफी आहे. शिया बांधवांत तसबीह धरून किंवा कुराण उघडून पाहायची रीत आहे, ती त्यांच्या उलेमांकडून समजून घ्यावी.

तुम्ही विचारलंय नमाजबद्दल, पण तुमची अडचण नमाजची नाही असं मला वाटतं. नमाज तुम्ही नीट केली. तुम्ही निकालाची वाट पाहताय. दहावीचा निकाल लागतो तसं कुठून तरी पास-नापास कळेल, आणि पुढे गाडी तोट्यात गेली तरी कुणी तुम्हाला बोल लावणार नाही, अशी ही वाट पाहणं आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, मी स्वतः हे केलंय. पण इस्तिखारा त्यासाठी नाही.

आपल्याकडे लोक म्हणतात, 'मौलाना, जरा इस्तिखारा काढून द्या.' घरी बोलतानाही आपण 'निकालना' म्हणतो. गोंधळ या क्रियापदातच आहे. चिठ्ठी काढतात, मुहूर्त काढतात. इस्तिखारा करतात. शब्द खैर या मुळातून आलाय आणि त्याचा अर्थ खैर मागणं, भलं मागणं. ते मागणं आहे, विचारणं नाही. इस्लामच्या आधी अरबस्तानात प्रवासाला किंवा सौद्याला निघताना बाण टाकून कौल घ्यायचे, कुराणाच्या पाचव्या सूरतमध्ये त्याला साफ मनाई आहे. बाणांची जागा दोन रकात नमाज आणि एका दुआने घेतली. आता आपण त्या दुआलाच पुन्हा बाण करून टाकलं तर काय कमावलं? आपल्या भागात अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते. पाऊसपाणी कसं, पीक कसं, हे ऐकायला अख्खं वऱ्हाड कान लावून बसतं, आमच्या पानठेल्यावरसुद्धा दोन दिवस तोच विषय असतो. तो अंदाज आहे आणि लोक तो अंदाज म्हणूनच ऐकतात. इस्तिखाऱ्यात अंदाजसुद्धा नाही. त्यात उद्या काय होईल हे कळतच नाही.

मग त्यात आहे काय? सहीह बुखारी या हदीसच्या ग्रंथात रसूलांचे (पैगंबरांचे) साथीदार हजरत जाबिर यांची रिवायत आहे, म्हणजे त्यांनी सांगितलेली हकिकत. अल्लाहचे रसूल आम्हाला सगळ्या कामांत इस्तिखारा करायला शिकवायचे, आणि कुराणाची सूरत शिकवावी तसे शिकवायचे, म्हणजे शब्द न् शब्द. तुमच्यापैकी कुणी एखाद्या कामाचा इरादा केला, तर त्याने फर्ज, म्हणजे सक्तीच्या नमाजव्यतिरिक्त दोन रकात पढाव्यात आणि मग ही दुआ मागावी. इथे दोन गोष्टी नजरेतून सुटतात. एक म्हणजे 'इरादा केला तर'. इस्तिखाऱ्याच्या आधी इरादा आहे, मन कोरं ठेवून बसायचं नाही. दुसरी म्हणजे 'त्याने पढाव्यात'. ज्याचं काम त्याने. तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

आता दुआचे शब्द पाहू. तुम्ही त्या सात रात्री पढलात, पण अर्थ माहीत आहे का ते लिहिलं नाही. बरेच जण मोबाईलमध्ये पाहून वाचतात आणि अर्थाकडे जात नाहीत.

सुरुवात अशी: अल्लाहुम्म इन्नी अस्तखीरुक बिइल्मिक, व अस्तकदिरुक बिकुद्रतिक. हे अल्लाह, तुझ्या ज्ञानाच्या आधाराने मी भलं मागतो, तुझ्या ताकदीच्या आधाराने ताकद मागतो. पुढे: तुला जमतं, मला जमत नाही, तू जाणतोस, मी जाणत नाही. म्हणजे पहिल्याच दमात माणूस कबूल करतो की मला माहीत नाही. आणि पूर्ण दुआ वाचून पाहा, 'मला कळव' असं कुठेच नाही. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. 'दाखव' नाही, 'स्वप्नात सांग' नाही. मागितलंय ते असं: हे काम माझ्या दीनसाठी (धर्मासाठी), माझ्या रोजीरोटीसाठी आणि माझ्या शेवटासाठी चांगलं असेल तर ते माझ्या नशिबी कर, ते मला सोपं कर, मग त्यात बरकत दे. आणि वाईट असेल तर? फस्रिफ्हु अन्नी वस्रिफ्नी अन्हु. त्याला माझ्यापासून फिरव आणि मला त्याच्यापासून फिरव.

या शेवटच्या तुकड्यावर मी रिश्त्यावाल्यांना नेहमी थांबवतो. नुसतं काम फिरवून भागत नाही. सौदा मोडला तरी माणसाचं मन दहा वर्षं त्या सौद्यातच अडकून राहतं. 'तेव्हा ते वावर घेतलं असतं तर' म्हणणारे म्हातारे तुमच्याही गावात पारावर बसलेले असतील. म्हणून मनही फिरव, असं मागायचं. आणि शेवटी: भलं जिथे असेल तिथे ते माझ्या नशिबी कर आणि मग मला त्यावर राजी कर.

मधे रोजीरोटी कुठे आलीय ते पाहिलंत? दीनच्या लगेच मागे. 'मआशी' या एका शब्दात तुमची गाडी, तिचा हप्ता, डिझेल, सगळं आलं. काही लोकांना वाटतं गाडीघोड्यासाठी अल्लाहला कशाला त्रास द्यायचा. पण रसूलांनी इस्तिखारा शिकवला तोच 'सगळ्या कामांत'.

पद्धत पटकन सांगतो, तुम्हाला येतेच. वुजू (हात-तोंड-पाय धुणं), दोन रकात नफल (ऐच्छिक नमाज), सूरत कुठलीही. इमाम नववी यांनी पहिल्या रकातमध्ये सूरे काफिरून आणि दुसऱ्यात सूरे इख्लास पढणं चांगलं म्हटलंय, पण तसं बंधन नाही. सलाम फेरून नमाज संपल्यावर हम्द (अल्लाहची स्तुती), रसूलांवर दरूद, मग दुआ, आणि 'हाजल अम्र' (हे काम) येतं तिथे आपलं काम मनात आणायचं किंवा त्याचं नाव घ्यायचं. पहाटे फज्रचा वक्त लागल्यापासून सूर्य वर येईपर्यंत, ऐन दुपारी सूर्य डोक्यावर असताना आणि अस्रच्या (तिसऱ्या प्रहरच्या) नमाजनंतर मगरिबपर्यंत (सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत) नफल पढायच्या नाहीत. बाकी कधीही चालतं. रात्रीच्या इशानंतरच करायचं, करून कुणाशी न बोलता किब्ल्याकडे, म्हणजे मक्केकडे, तोंड करून झोपायचं, पांढरं-हिरवं दिसलं तर हो आणि काळं-लाल दिसलं तर नाही, यातलं काहीही जाबिर यांच्या रिवायतीत नाही. रंगांची गोष्ट काही बुजुर्गांनी त्यांच्या अनुभवातून सांगितली आणि ती पुढे चालत आली. घरातल्या बाईला पाळी असेल तर नमाज नाही, पण दुआ ती मागू शकते. अरबी पाठ नसेल तर कागदावरून वाचा, तेही जमत नसेल तर आपल्या भाषेत मागा. माझी आई वारेपर्यंत वऱ्हाडीत मागायची, 'अल्लामियाँ, मले काही समजत नाही, तूच पाय.' दुआचा पहिला भाग यापेक्षा वेगळा काय आहे?

सात रात्रींचं म्हणाल तर सात वेळांची एक रिवायत आहे, पण हदीसचे जाणकार तिला जईफ, म्हणजे कच्ची मानतात. आकडा ठरलेला नाही. एकदा केला तरी झाला. मन ठरत नसेल तर पुन्हा करण्यात हरकत नाही. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी हदीस (रसूलांचे बोल) लिहून काढाव्यात का यावर महिनाभर इस्तिखारा केला आणि मग न लिहिण्याचं ठरवलं, असं रिवायतीत येतं. पण त्या महिन्यात ते स्वप्नाची वाट पाहत बसले नव्हते. सहाबांना, म्हणजे रसूलांच्या साथीदारांना विचारलं होतं, सहाबा लिहा म्हणाले होते, आणि तरी ते स्वतः विचार करत राहिले. तुम्ही आणखी सात रात्री करणार असाल तर त्या सात दिवसांत दुसरं काय करणार, हा माझा प्रश्न आहे.

मला सगळ्यात जवळची वाटणारी दोन उदाहरणं सांगतो. एक हजरत जैनब यांचं. सहीह मुस्लिम या हदीसच्या ग्रंथात येतं की रसूलांचा लग्नाचा पैगाम घेऊन माणूस आला तेव्हा त्या पीठ मळत होत्या. पैगाम कुणाचा आहे ते पाहा! तरी त्या म्हणाल्या, मी माझ्या रबकडे मसलत केल्याशिवाय काही करणार नाही, आणि उठून नमाजच्या जागी गेल्या. हे मी पोरींच्या बापांना मुद्दाम सांगतो. 'एवढं चांगलं स्थळ, त्यात काय विचारायचं' म्हणणाऱ्यांना. दुसरं रसूलांच्या दफनाच्या वेळचं. कबर लहद (आत एका बाजूला कोनाडा काढलेली) करावी की सरळ, यावर दोन मतं होती आणि मदिन्यात दोन्ही प्रकारच्या कबरी खोदणारे दोघे होते. सहाबा म्हणाले, आपण रबकडे इस्तिखारा करू आणि दोघांकडे माणूस पाठवू, जो आधी येईल तो खोदेल. लहद खोदणारा आधी आला. त्या दिवशी मदिन्यात कुणी स्वप्न पडावं म्हणून झोपलं नाही. मागितलं आणि माणसं पाठवली.

तुम्ही अजून माणूस पाठवलेला नाही, भाऊ. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात एकाही गाडीवाल्याशी बोलल्याचा उल्लेख नाही.

कुराणात तिसऱ्या सूरतमध्ये रसूलांनाच सांगितलंय, कामात त्यांच्याशी मसलत कर आणि एकदा इरादा पक्का झाला की अल्लाहवर भरवसा ठेव. मशवरा (सल्लामसलत) आणि इस्तिखारा जोडीने चालतात, यातला एकच बैल जुंपला तर खासर रस्त्यावर चालत नाही. तर तालुक्याच्या ठिकाणी तीन गाडीवाले गाठा. ज्याचं नीट चाललंय असा एक, ज्याने गाडी विकून टाकली असा एक, आणि ज्याची फायनान्सवाल्यांनी ओढून नेली असा एक. तिसरा सापडायला वेळ लागणार नाही. कापसाच्या हंगामात कसं चालतं ते सगळेच छातीठोक सांगतील. दिवाळीपासून पुढचे तीन-चार महिने जिनिंगच्या दारात गाड्यांची रांगच असते. तुम्ही आषाढ-श्रावणाचं विचारा. पेरणीचं खत-बियाणं पोचवून झाल्यावर गाडी कडुनिंबाखाली उभी असते तेव्हा हप्ता कुठून भरता, हे विचारा. टायर, विमा, फिटनेस, चलान विचारा. आणि दोन एकरांचं आज जे निव्वळ उत्पन्न आहे ते वाईट सालाचं धरा, चांगल्या सालाचं नको.

स्वतःची एक गोष्ट सांगतो, चांगली नाही ती. २०१४ साली पाऊस लांबला होता. मी बोअर मारायचं ठरवलं. इस्तिखारा केला, नीट केला, तीन रात्री. मन एकदम हलकं झालं. मला वाटलं हाच इशारा. जागा ठरवायला पाणाड्याला बोलावलं. म्हणजे बघा, मिंबरवर तवक्कुल (अल्लाहवर भरवसा) सांगणारा माणूस तळहातावर नारळ उभा राहतो का ते पाहत उन्हात वावरभर फिरत होता. धुऱ्यापलीकडच्या दोन बोअरी कोरड्या गेलेल्या मला माहीत होत्या, पण ते मी मनातून बाजूला सारलं. तामिळनाडूची गाडी आली, रात्री नऊला मशीन सुरू झालं. शंभर फूट, दोनशे फूट, काळा खडक काही सुटेना. राखाडी भुकटी उडून लिंबाच्या पानांवर, माझ्या टोपीवर, दाढीवर बसत होती. थोरला पोरगा दर पाइपला 'अब्बा, ओलं आलं का?' विचारत होता. तीनशे दहा फुटांवर मी हात वर केला. घरच्यांचे दागिने त्या भोकात गेले ते गेलेच.

लोक मला विचारतात, मौलाना, त्यात खैर काय होती? मला सांगता येत नाही. मोठा तोटा टळला असेल, नसेलही. कुराणात आहे, तुम्हाला नकोशी वाटणारी गोष्ट तुमच्यासाठी चांगली असू शकते. तो शब्द मी मानतो, पण माझ्या बोअरचं गणित सुटलं असा आव मी आणणार नाही. एवढं कळतं, की दुआ बरोबर होती आणि विचारपूस चुकली होती. मन हलकं झालं ते बोअर मारायची हौस होती म्हणून. आपल्या हौसेला इशारा समजणं फार सोपं असतं.

इथे आलिमांतही दोन बाजू आहेत, त्या सांगायला हव्यात. इमाम नववी म्हणतात, इस्तिखाऱ्यानंतर मन जिकडे मोकळं होईल तिकडे जावं. पण आधीपासून जिकडे ओढ होती तिकडेच मन गेलं तर त्यावर विसंबू नये, असंही आलिमांनी बजावलंय. शेख इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांच्यासारखे म्हणतात, इस्तिखारा केला की मग जे कराल त्यात खैर आहे, खूण शोधत बसू नका. बोअरनंतर मी दुसऱ्या बाजूला जास्त झुकलो. मशवऱ्यात जे शहाणपणाचं निघालं ते धरावं, पाऊल टाकावं, आणि वाट मोकळी होते की अडते ते पाहत जावं. अडली तर मागे फिरायला कमीपणा मानू नये. मात्र प्रत्येक अडथळा म्हणजे इशारा नाही. तलाठी ऑफिसात सापडले नाहीत हा इशारा नाही, ती रोजची गोष्ट आहे. गाडीवाल्याने हिशोब मांडून दाखवला आणि तो हिशोब ऐकून तुमची झोप उडाली, याला मात्र मी वजन देईन.

अम्मीच्या स्वप्नाकडे येतो. हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार सांगितलेत: अल्लाहकडून खुशखबर, सैतानाकडून घाबरवणं, आणि माणसाच्या मनात चाललेलं. तुमच्या अम्मीने त्या विहिरीचं पाणी वाहिलंय, त्या दोन एकरांत निंदण केलंय, वेचणी केलीय. वावर विकायच्या आठवड्यात तिला विहीर दिसली नसती तर मला नवल वाटलं असतं. स्वप्न हुकूम म्हणून धरू नका, पण उडवूनही लावू नका. स्वप्नाचा अर्थ विचारायला कुणाकडे जाऊ नका, अम्मीजवळ बसा. चहा तुम्ही करा. आणि 'अम्मी, स्वप्न कसं होतं' न विचारता 'अम्मी, तुले काय वाटते, विकावं का?' एवढंच विचारा. दोन मिनिटं ती 'मले काय समजते, तुमी बापलेक पाहा' म्हणेल. तरी बसून राहा. एका घरात असंच बसून राहिल्यावर बाई शेवटी म्हणाली होती, पोराच्या दोस्ताचा अपघात झाला तेव्हापासून मला गाडी या शब्दाचीच भीती वाटते. घरात महिनाभर स्वप्नावर चर्चा चालली होती आणि बोलायचं होतं अपघाताबद्दल.

उलटंही होतं. एक खाला मुलीच्या रिश्त्यासाठी आल्या. म्हणाल्या, 'मौलाना, देख के बताओ.' मी विचारलं, तुम्हाला पोरगा कसा वाटला? तर पंधरा मिनिटं पोराचे अवगुण सांगितले, तंबाखूपासून मोठ्या भावाच्या कोर्टकचेरीपर्यंत. म्हटलं, मग नाही कळवून टाका. त्या म्हणाल्या, नणंदेकडचं स्थळ आहे, नाही कसं म्हणायचं, 'इस्तिखाऱ्यात नाही आलं' म्हटलं की कुणाचं मन दुखत नाही. आपल्या समाजात नकार द्यायचा हा सगळ्यात सभ्य रस्ता होऊन बसलाय. हसू येतं, पण त्यात खोटं अल्लाहच्या नावावर जातं. मी त्यांना 'आमचं जुळत नाही' एवढंच म्हणायला सांगितलं. नणंद सहा महिने रुसली, मग ईदला आली.

फोनवरच्या बाबांबद्दल जास्त लिहीत नाही. आई-बापाने, उस्तादाने तुमच्यासाठी दुआ करणं वेगळं, ती कुणाकडूनही मागा. काही आलिम दुसऱ्यासाठी इस्तिखारा करायलाही परवानगी देतात. पण ज्याने तुमचं वावर पाहिलं नाही, तो तुमचं आणि आईचं नाव विचारून पाच मिनिटांत हो-नाही सांगतो आणि 'नाही' आलं की बंदिश (करणी) तोडायचे आणखी पैसे सांगतो, ते काय आहे ते तुम्हालाही कळतं. अकराशेत गाडीवाल्यांकडे जाऊन यायचं पेट्रोल आणि तिघांचा चहा निघतो.

आतापर्यंत बोललो ते इतकंच, की इस्तिखारा झालाय, परत करायचा तर करा पण स्वप्नासाठी नको. अम्मीशी बोला, बाबांना सोडा, गाडीवाले गाठा. आता चौथा प्रश्न, हो की नाही. त्याचं उत्तर मी देणार नाही, पण तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टींवर बोट ठेवतो. त्या दोन्ही इस्तिखाऱ्याच्या नाहीत. जे काम जायज आहे आणि करणं-न करणं आपल्या हातात आहे, त्यालाच इस्तिखारा असतो. नमाज पढू का यावर इस्तिखारा नसतो, चोरी करू का यावरही नसतो.

पहिली गोष्ट फायनान्स. व्याजाचा मसला तुमच्या भरवशाच्या आलिमांना कागद दाखवून विचारा. करारात काय लिहिलंय यावर तो अवलंबून आहे आणि मी न पाहता बोलणार नाही. इस्तिखाऱ्यात मन हलकं झालं म्हणून तो मसला बदलत नाही.

दुसरी जास्त जवळची आहे. तुम्ही ओझरतं लिहून गेलात, 'आजोबांपासूनचं वावर'. आजोबा आता हयात नाहीत असं धरतो. तुम्हाला फुफी (आत्या) किती? सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत? चौथ्या सूरतमध्ये मुलाला दोन मुलींइतका हिस्सा आहे, म्हणजे मुलीला हिस्सा आहेच, तो कुणाच्या मेहरबानीवर नाही. आपल्या गावांत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाप वारला की चाळिसाव्याच्या आत-बाहेर बहिणींकडून हक्कसोडवर सही घेतात, साडी-चोळी देतात, आणि बहीण माहेर तुटेल या भीतीने सही करते. कधी तीही होत नाही, नुसतंच 'त्यांनी कधी मागितलं नाही' म्हणून चालत राहतं. माझ्या अब्बांनीही तसंच केलं होतं. आम्ही भावांनी नंतर एका फुफीला तिचा हिस्सा पैशाने चुकता केला. दुसरी तोवर गेली होती, तिच्या पोरांना शोधायला दोन वर्षं लागली.

त्या दोन एकरांत फुफींचा वाटा असेल तर 'विकू का' हा प्रश्न तुमचा एकट्याचा राहत नाही, आणि इस्तिखारा आपल्या कामाचा करायचा असतो. त्यांचा हिस्सा देणं फर्ज आहे, त्यावर दोन रकात पढून कौल मागायचा नसतो. कदाचित फुफी मनापासून सोडतील, कदाचित पैसे घेतील, कदाचित म्हणतील आम्हीच ते दोन एकर घेतो. तिन्हींत तुमचं गणित वेगळं होतं. व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. उताऱ्यावर नाव असलेल्या माणसाच्या सहीशिवाय खरेदीखत अडकतं, आणि इसार घेऊन बसलात तर गिऱ्हाईक मानगुटीवर बसतो. अम्मीच्या स्वप्नातलं काळं पाणी हेच, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणालो तर मीही अकराशे रुपये घ्यायला लागेन.

जुम्म्याला गिऱ्हाईक आला की त्याला पाणी द्या, सरबत द्या, इसार घेऊ नका. पंधरा दिवस मागा. वैशाख आहे, मृग लागायला वेळ आहे, खरोखर घ्यायचं असेल तर थांबेल. थांबला नाही तर ज्या गोष्टीबद्दल तुम्ही 'माझ्यापासून फिरव' म्हणालात ती फिरली असेल, किंवा गिऱ्हाईक घाईतला असेल, दोन्हींत तुमचं नुकसान नाही. तोवर उतारा काढा, इतर हक्काचा रकानासुद्धा वाचा, आणि त्यावर किती नावं आहेत ते मला इथेच कळवा. फुफींकडे जायचं असेल तर एकटे जाऊ नका, अम्मीला सोबत न्या.